बंदीतली आग

फोन आला तेव्हा मी मिसेस ओकलींच्या चष्म्याची दांडी गरम वाळूत धरून वाकवत होते. म्हातारीचा एक कान दुसऱ्यापेक्षा वर आहे, आणि चष्मा तिरका बसतो याचं खापर ती कित्येक वर्षं माझ्यावर फोडत आलीय. बाई काउंटरवर कोपरं टेकून माझ्या हातांकडे बघत उभ्या होत्या. फोनवरचा आवाज कोवळा, पण सरकारी. “वनखात्याच्या ऑफिसातून हॅडली बोलतेय. कोरिन स्ट्रँड ना? लॉस्ट मेअर ओढ्याकाठच्या त्या आगीबद्दल बोलायचं होतं.” बस्स, एवढं ऐकलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. उठली, मी मनात म्हटलं. ती उठली. विझवलेली आग झाडांच्या मुळात शिरून बसते, वरून पाऊस पडू दे नाहीतर बर्फ पडू दे, ती आत मुळं खात पुढं सरकते, आणि एखाद्या वाऱ्याच्या दुपारी भलतीकडेच डोकं वर काढते. आमच्या घरात हे पोरांना बाराखडीच्या आधी शिकवतात. महिना होत आला होता त्या गोष्टीला, आणि या महिन्यात मी रोज सकाळी दार उघडून आधी हवा हुंगत होते. आमच्या बॉइसी शहरात त्या उन्हाळ्यात तसंही वणव्यांच्या धुराशिवाय काही हुंगायला नव्हतं. सूर्य तांब्याच्या पैशासारखा, गाड्यांच्या टपांवर राख. पण ऑक्टोबर लागला, आभाळ निवळलं, तरी माझं हुंगणं थांबलं नव्हतं. शेजारच्यानं मांस भाजायची शेगडी पेटवली तरी मी खिडकीशी जायचे.

हॅडलीबाईंना बहुतेक माझा श्वास ऐकू गेला असावा. घाबरू नका म्हणाल्या, तिथं सगळं थंडगार आहे, त्या स्वतः जाऊन बघून आल्यात. फक्त प्रकरण मिटवायचंय. आगबंदी चालू असताना आग पेटली, तेव्हा कुणी पेटवली ते नाव कागदावर यायला हवं. जिवावरचा प्रसंग होता हे वरिष्ठांनाही दिसतंय, शिक्षा होईल असं त्यांना वाटत नाही, पण नाव मात्र कायमचं राहील. तुमच्या वडिलांनी जबाब दिलाय, तुम्ही साक्षीला आलात की झालं. मी विचारलं, कसला जबाब? त्या म्हणाल्या, “हाच, की आग त्यांनी पेटवली.” मी फोन कानाशी धरून उभी. वाळूतली दांडी मऊ पडून शेवयीसारखी लोंबायला लागली होती ते मला मिसेस ओकली ओरडल्या तेव्हा कळलं. त्यांना मी नवी फ्रेम बसवून दिली, माझ्या खिशातून, आणि कोट घेऊन निघाले. मालकाला काय सांगितलं ते आठवत नाही. काहीतरी सांगितलं.

गाडीत बसल्यावर माझ्या अंगाची लाही लाही व्हायला लागली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. तिथं खडकाला टेकून पडला होता तो, दात वाजायचे थांबले होते, स्वतःचं नाव धड सांगता येत नव्हतं, आणि म्हणे मी पेटवली. कशानं पेटवलीस रे? कुठल्या हातानं? स्टेट स्ट्रीटच्या प्रत्येक सिग्नलला मी थांबत होते आणि स्टिअरिंगवर बोटांची टोकं घासत होते. ती अजून बधिर आहेत. डॉक्टर म्हणतात, येईल परत स्पर्श, हळूहळू. काचेची धार मला आता अंगठ्याच्या बाजूनं तपासावी लागते. ही बोटं मी त्या आगीपायी घालवली आणि नाव लावायला तो पुढं. कुणी म्हणेल, बाप आहे, लेकीवर बालंट येऊ नये म्हणून अंगावर घेतलं. आधी माझ्याही मनात तेच आलं. पण माझ्या बापाला मी ओळखते. वेन्डेल स्ट्रँड खोटं बोलत नाही, लेकीसाठी तर मुळीच नाही. शाळेत मी खिडकीची काच फोडली होती तेव्हा हेडमास्तरांच्या आधी यानंच माझं नाव सांगितलं होतं. मग याला त्या रात्रीचं खरंच तसं आठवतंय की काय? गार पडलेलं माणूस काय काय बघतं म्हणतात. त्याच्या डोक्यात काडी त्याच्याच हातात असेल, आणि मी बाजूला उभी राहून रडत असेन, असलं काही असेल तर? या विचारानं मला रागाहून वाईट काहीतरी झालं. कारण मग त्या डोंगरात मी काय केलं हे ठाऊक असलेलं एकच माणूस, मी.

त्या सकाळी उकडत होतं, हे आता कुणाला खरं वाटत नाही. सप्टेंबर अर्धा सरला होता, पिकअपमागं धुळीचा लोट उठत होता, रस्त्याच्या तोंडाशी आगबंदीची लाल पाटी, आणि बाबा पाटीजवळ थांबून ती नीट उभी करून आला, कारण कुणीतरी धक्का देऊन वाकवली होती. शिकारीला आम्ही दोघंच जातो. धनुष्य माझं, हाक त्याची. त्र्याहत्तरीत त्याला आता दोरी ताणवत नाही, पण तोंडाला नळी लावून तो एल्क या थोराड हरणाच्या नराची शीळ अशी घालतो की समोरच्या डोंगरावरचा खरा नर संतापून झाडं शिंगांनी सोलायला लागतो. त्याची ती हाक ऐकताना माझी छाती दरवेळी भरून येते, मग शिकार होवो न होवो. त्या दिवशी एका नरानं उत्तर दिलं. जवळ येईना आणि गप्पही बसेना. आम्ही त्याच्या मागं खिंड ओलांडली, मग दुसरी सोंड, आणि बाबाची पावसाळी विजार पिकअपच्या सीटखाली राहिली. माझीही राहिलीच असती, पण मी ती पिशवीत उशाला म्हणून टाकली होती. असं कसं विसरलात, हॉस्पिटलातल्या नर्सनं विचारलं. सगळा उन्हाळा आम्ही आगीलाच भीत होतो बाई, पाण्याला भ्यायचं राहूनच गेलं. इथल्या कुणालाही विचारा. त्या वर्षी ढग दिसला की लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते.

दुपारी वारा फिरला. आधी थेंब, तेव्हा बाबा टोपी काढून आभाळाकडे तोंड करून हसला. पडू दे म्हणाला, जंगल वाचतंय. मग आडवा पाऊस, मग पावसात बर्फ. परतीच्या वाटेवर लॉस्ट मेअर ओढा सकाळी बूट न भिजवता ओलांडला होता, तो आता गढूळ होऊन गुडघ्याच्या वर चढला होता. त्यात बाबाचा पाय घसरला आणि तो छातीपर्यंत गेला. मी ओढून काढला. काही नाही, काही नाही, म्हणाला, चालत राहू, अंग तापेल. पण पिकअप डोंगरापलीकडे, वाट बर्फात दिसेना, आणि त्याचा वेग गोगलगाईचा. आधी तो कुडकुडत होता तोपर्यंत मला धीर होता. मग कुडकुडणं थांबलं. जड जिभेनं काहीतरी पुटपुटायला लागला, आणि चालता चालता कोटाची बटणं काढायला लागला, उकडतंय म्हणून. गारठा शेवटाला आला की माणूस असंच करतं. उपग्रहाला निरोप धाडायचं यंत्र माझ्या पट्ट्याला होतं. मी मदतीचं बटण दाबलं. उत्तर आलं, या हवेत हेलिकॉप्टर उडणार नाही, घोडे सकाळी निघतील, दोघांनी ऊब धरून राहा. ऊब धरून राहा! कुठनं धरू? माझा कोरडा स्वेटर त्याला घातला, माझी विजार त्याला चढवली, त्याला एका खडकाच्या आडोशाला टेकवला, आणि काटक्या गोळा करायला लागले.

त्याला ते कळलं. इतर काही कळत नव्हतं, आपण कुठं आहोत हेही नाही, पण मी काटक्या मोडतेय हे कळलं. “बंदी आहे,” तो म्हणाला. मी म्हटलं, बाबा, बर्फ पडतोय. तो म्हणाला, “बंदी उठलेली नाही. एमेटची आग पावसातच पेटवली होती.” एमेट त्याचा जोडीदार. बाबानं तीस वर्षं वणवे विझवणाऱ्या टोळीत काढली, त्यातली निम्मी एमेटच्या बरोबर. मी लहान होते तेव्हा कुण्या शिकाऱ्यांनी सरीत भिजल्यावर शेकोटी केली, पाऊस आहे म्हणून तशीच सोडून घरी गेले. ती मुळांत शिरली, आठवड्यानं उठली, आणि डोंगर चढताना एमेटला गाठलं तिनं. तेव्हापासून बाबानं रानात कधी आग लावली नाही. बंदी असो नसो. आमच्या घरी डबाबंद घेवडा थंड खायची पद्धत आहे. लोक हसतात, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. उलट मला अभिमानच वाटायचा. बाकीच्या पोरींचे बाप शिंगं मिरवायचे, माझा बाप न लावलेल्या आगी मिरवायचा.

तर हा माणूस मला बंदी सांगत होता, आणि मला कळेना की हे बाबा बोलतोय की थंडी बोलतेय. गारठलेलं माणूस हट्टी होतं, उलटं वागतं, हे मी शिकलेय. तसं असतं तर सोपं होतं. पण तो शुद्धीत असता, कोरडा ठणठणीत असता, तरी नेमकं हेच बोलला असता. सुंभ गोठला तरी पीळ जाईना. म्हणजे मी थंडीचं ऐकत नव्हते असं नाही, मी माझ्या बापाचं ऐकत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही ज्या एका गोष्टीत तो अवघ्या इडाहोत सगळ्यांपेक्षा शहाणा होता त्याच गोष्टीत. अशा वेळी असले विचार येतात का? येतात. मी एकीकडे स्प्रूसच्या खोडाला चिकटलेल्या बारीक सुक्या काड्या मोडत होते, त्या कितीही पावसात आतून कोरड्या राहतात, आणि दुसरीकडे त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होते. एमेट गेला तो आगीनं नाही गेला, सोडून जाणाऱ्यांनी गेला. मी सोडून जाणारी आहे का? मी तुझीच ना? मग ठेव की भरवसा.

पहिली आग लागली. मुठीएवढी. मी तिच्यावर वाकून फुंकर घालत होते, एवढ्यात एक बूट आला आणि सगळं बर्फात उडालं. बाबा उभा होता. कसा उभा राहिला देव जाणे, पण राहिला, आणि त्यानं ती तुडवली, नीट, टाच फिरवून, शिकल्याप्रमाणे. मला त्या क्षणी त्याला मारावंसं वाटलं. खरंच. आणि त्याच क्षणी, हे मी कुणाला सांगत नाही, त्याचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. मरतोय, आणि तरी आग तुडवतोय. काय माणूस आहे! पण अभिमान बाळगायला तो जिवंत हवा होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले, आणि टोळीत नायक जसा आडनावानं हाक मारतो, तशी मारली. “स्ट्रँड. बस खाली. हा हुकूम आहे.” तीस वर्षांची सवय त्याच्या हाडांत होती. तो बसला. हात मांडीवर ठेवून, नव्या पोरासारखा. त्यानं माझ्याकडे बघितलं, पण मी कोण हे त्याला ठाऊक होतं की नाही सांगता येत नाही.

मग मी लावली ती आग. झाडांपासून दूर, ओढ्याच्या काठी, जिथं नुसते गोटे आणि वाळू, जिथं मूळ म्हणून एक नाही. वरचा पाला-पाचोळा, कुजकं, काळं सगळं बुटानं खरवडून खाली खडी लागेपर्यंत साफ केलं. एका मेलेल्या पाइनच्या बुंध्यात राळ भरलेली होती, त्याच्या ढलप्या सुरीनं काढल्या. बोटं तेव्हाच गेली असावीत, सुरी हातात आहे की नाही हे मला बघून ठरवावं लागत होतं. काड्यांची डबी दातांनी उघडली. दोन काड्या वाऱ्यानं नेल्या. तिसरी राळेला लागली, राळ चुरचुरली, काळा धूर आला, आणि मग ती पिवळी जीभ वर चढली. वरून बर्फ पडतोय, खाली ओढा गर्जतोय, आणि मधे माझी आग. मी चांगली लेन्स घासते, चांगली शिकारी आहे, दोन पोरं वाढवलीत. पण त्या आगीएवढं चांगलं मी काही केलेलं नाही. बाबाला तिच्या आणि खडकाच्या मधे बसवला, मी पाठीशी. किती तरी वेळानं तो पुन्हा कुडकुडायला लागला. त्याचे दात वाजायला लागले, आणि तो आवाज ऐकून मी हसत सुटले, वेड्यासारखी.

सकाळी घोडे आले तेव्हा बर्फ थांबला होता. ती माणसं म्हणाली, चला, आग राहू दे, या ओल्यात काय होणार आहे. मी म्हटलं, थांबा. बाबाला कांबळ्यात गुंडाळून घोड्यावर चढवला होता, आणि तो वरून माझ्याकडे बघत होता. मी टोपीतून ओढ्याचं पाणी आणून ओतलं, ढवळलं, पुन्हा ओतलं, अर्धी जळकी लाकडं एकेक करून पाण्यात बुडवली. मग गुडघ्यावर बसून हाताची पाठ राखेत फिरवली, इंच इंच, टोळीत करतात तशी. बोटांना काही कळत नव्हतं, पण हाताच्या पाठीला कळतं. एक गोटा खालून कोमट लागला, तो उलटून पुन्हा पाणी. घोडे पाय आपटत होते. मी हात काढला तो राखेचा चिखल थंडगार झाल्यावरच. तरी पुढचा महिनाभर मी हुंगत राहिले, ते वेगळं. हॉस्पिटलात त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं काढली. तिथं, आणि नंतरही, तो हवेबद्दल बोलला, नर्सबद्दल बोलला, त्या नराबद्दल तर रोज बोलला. आगीबद्दल चकार शब्द नाही. मला वाटायचं, रागावलाय. जिवंत ठेवल्याबद्दल रागावलेलं माणूस कसं समजवायचं असतं, मला ठाऊक नाही.

त्याच्या दाराशी पोचले तेव्हा तो पायरीवर तयार बसला होता. हॅडलीबाईंनी त्यालाही बोलावलं होतं. धुतलेला शर्ट, काठी, केस पाण्यानं चापून बसवलेले. गाडीत बसला आणि म्हणाला, उशीर केलास. मी गाडी सुरूच केली नाही. किल्ली हातात धरून विचारलं, “त्या बाईंना काय सांगितलंस तू?” त्यानं सीटचा पट्टा लावला. मी म्हटलं, खरंच तसं आठवतंय का तुला? आठवत असेल तर सांग, मी काही बोलणार नाही. ते खोटं होतं, मी गप्प बसणार नव्हते.

“मला सगळं आठवतंय,” तो म्हणाला. “तू मला आडनावानं हाक मारलीस तेही.”

“मग?”

तो काठीच्या मुठीवरचं रबर खरवडायला लागला. मग सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यानं. ती बाई हॉस्पिटलात खाटेशी आली आणि तिनं विचारलं, एवढ्या ओल्यात, त्या वाऱ्यात, आग पेटवली कुणी हो? तिचा आवाज असा होता, की जणू तिला पटतच नव्हतं हे कुणाला जमलं असेल. “मी आयुष्यभर विझवल्या, कोरी. शेकड्यांनी विझवल्या. माझ्या नावावर एकही नाही. आणि ही इतकी चांगली होती. जागा चांगली, बांधणी चांगली. मी रात्रभर बघत होतो तिला. तोंडातून निघून गेलं, मी पेटवली म्हणून. मग मागं घेववेना.” त्याचे कान लाल झाले होते. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, दुसऱ्याची गोटी खिशात टाकताना सापडलेल्या पोरासारखा. मी राग शोधला. महिनाभर मी मनात त्याच्याशी भांडत होते, माफी मागत होते, आणि हा इकडे माझ्या आगीवर डोळा ठेवून बसला होता! मी हसले. मग रडले थोडी. मग म्हटलं, बाबा, माझं घर माग, गाडी माग, धनुष्य माग. ती आग मी देणार नाही. मी गाडी सुरू केली.

ऑफिसात हॅडलीबाई दिसायला माझ्या थोरल्या लेकीएवढ्या. टेबलावर त्या जागेचे फोटो. काळा गोल, त्याच्याभोवती स्वच्छ खडी, पलीकडे ओढा. बाबानं तो फोटो उचलला आणि हातभर लांब धरून बघत बसला. चष्मा विसरला होता, मी घासलेला. बाईंनी पेन उघडलं आणि मला सांगितलं, तुम्ही फक्त वडिलांचा जबाब बरोबर आहे एवढं म्हणा. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. पण मी बाबाकडे बघितलं आणि ते गिळलं. हिसकावून घेतलेली आग मला नको होती. त्यानं द्यायला हवी होती. नाही दिली तर नाही. मी बधिर बोटं मांडीखाली दाबून गप्प बसले.

बाबानं फोटो खाली ठेवला. “जबाब चुकीचा आहे,” तो म्हणाला. “आग कोरिन स्ट्रँडनं पेटवली. माझी मुलगी. ही.”

हॅडलीबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खोडून लिहायला घेतलं. तो थांबला नाही. काठी टेकून पुढं झुकला. “खाली असं लिहा, की मी विरोध केला. तिची पहिली आग मी पायानं तुडवली. बंदी होती म्हणून. हुकूम मोडून तिनं दुसरी लावली.”

“हे लिहायची गरज नाही, मिस्टर स्ट्रँड,” बाई हळू म्हणाल्या. “याचा तुमच्या मुलीला त्रास होऊ शकतो. मग काय झालं, एवढंच सांगा.”

“मग काय व्हायचंय,” बाबा म्हणाला. “तिनं माझं ऐकलं नाही, म्हणून तर मी तुमच्यासमोर बसलोय.”

बाईंनी तेही लिहून घेतलं.